वीतभर खिंडार

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही — ती गेली, आता राहिलंच. लेकाला नाही. मारुतीपुढं रोज हात जोडले, पण तोंड उघडलं नाही. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात, मग आपण कशाला सांगा, असं धरून चाललो. पण तुला ठाऊक नाही. म्हणून तुला सांगतो.

तू कोण ते मला माहीत नाही. मास्तरांनी चार कोरे कागद आणून दिले आणि म्हणाले, "आबा, शूर माणूस कसा असतो ते लिहून द्या, झेंड्याच्या दिवशी वाचून दाखवतो." त्यांना मिसरची गोष्ट पाहिजे. ती दरसाल मी खुर्चीवर बसून सांगतो. यंदा लिहायला बसलो आणि हात भलतीकडंच गेला. जाऊ दे म्हटलं. वाचणारा दोस्त आहे असं समजतो आणि लिहितो. अक्षर वाकडं आहे. बाराखडी रिसाल्यात शिकलो, औरंगाबादकडच्या एका सवाराकडून, घोड्याला खरारा करता करता. तेवढीच माझी शाळा.

आधी एक सांगतो, नाहीतर तुला वाटेल म्हाताऱ्याचा तमगा खोटा आहे आणि त्याचं हे रडगाणं आहे. तमगा खरा आहे. निजाम सरकारच्या रिसाल्यात मी सवार होतो, जहाजातून मिसर देशात गेलो, तिथल्या वाळूत लढलो. माघारी फिरायचा हुकूम झाला तेव्हा आमच्या दफेदाराचा घोडा पडला आणि त्याचा पाय घोड्याखाली अडकला. मी वळलो. घोडं वळलं का मी वळवलं, हे आज पण शपथेवर सांगता येत नाही. दफेदाराला ओढून काढला, पुढं आडवा टाकला आणि आणला. येताना डाव्या खांद्यात गोळी लागली. तो हात अजून कानाच्या वर जात नाही.

भीती वाटली का? वाटली की. पण बिगुल वाजतंय, घोडी उधळलीत, अख्खा रिसाला बघतोय — त्यात भ्यायला सवड कुठं मिळते? भीतीला बसायला निवांत जागा लागते. मला तिथं ती मिळाली नाही. ती मिळाली इथं, आपल्या गावात, मारुतीच्या पारावर, भर दुपारी, लिंबाच्या गार सावलीत.

पण थांब. क्रमानं सांगतो.

खांदा निकामी झाला म्हणून मला घरी धाडलं. आमचं गाव नेकनूरच्या अंगाला, ओढ्याकाठी. तेव्हा गावाभोवती पुरा दगडी तट होता, एकच वेस होती. बीडपासून मला बैलगाडीतून आणलं, गाडीला आंब्याचे डहाळे बांधले होते. पाटलानं फेटा बांधला. त्या दिवसापासून मी रंगनाथ राहिलो नाही, मिसरवाला झालो. होळीचा पहिला नारळ माझ्या हातून. पोळ्याला पाटलाच्या बैलामागं वेशीतून माझी जोडी. मला ते आवडलं. लई आवडलं. आता एवढं लिहायला बसल्यावर ते कशाला झाकू?

मग मानमोडीचं साल आलं. तापानं माणूस पडायचा, मान टाकायचा, तिसऱ्या दिवशी खलास. एका तिरडीला गेलेली माणसं परत येईपर्यंत दुसरी बांधलेली असायची. तेव्हा औषध कुठलं? पंचांनी गाव बांधायचं ठरवलं. आमच्याकडं तशी रीत होती. पाच मंगळवार धरायचे. त्या दिवशी तटाच्या कडेनं दुधाची धार सोडायची, वेशीला लिंबाचा पाला बांधायचा आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. चूल नाही, जातं नाही. कुणी वेस ओलांडली तर बांधलेलं गाव सुटतं आणि रोग त्याच्या पायानं आत येतो, अशी समजूत. मी पण मानत होतो. आज हसशील तू. तेव्हा नसतास हसला.

वेशीवर राखण कुणाला ठेवायची? विचारायलाच नको. मी लष्करातला कोट घातला, तमगा लावला आणि बसलो घामाच्या धारा पुशीत. मोठा दरवाजा बंद. त्या दरवाजातच एक लहान दार होतं, त्याला दिंडी म्हणतात — माणूस वाकून जातो एवढं. त्याची कडी माझ्या हाताशी.

तिसऱ्या मंगळवारी, दिवस कासराभर वर आला असेल, सुंदरा आली. नागू कुंभाराची बायको. त्यांचं घर वेशीला लागूनच होतं, तटाच्या आतल्या अंगाला. नागू माझ्यापेक्षा थोरला, म्हणून ती मला भावजी म्हणायची आणि मी तिला वैनी. डोक्यावर तांब्याची घागर, वर फडकं. सोमवारी रात्रीच आंबील करून ठेवली होती तिनं.

"भावजी, कडी काढा."

"कावून वैनी? मंगळवार हाय आज."

"मंगळवार मला बी दिसतो. तांड्यावरनं दोन दिस झाले, धूर निघाला न्हाई. समदी पडल्यात तिथं."

ओढ्यापलीकडं लमाणांचा तांडा होता. गावानं वेस बांधली तेव्हा तांडा बाहेरच राहिला. त्याचा विचार कुणी केला नव्हता. मी पण केला नव्हता. सुंदरा बाळंत झाली तेव्हा तिचं दूध आटलं होतं. तांड्यावरच्या जमनीनं स्वतःच्या लेकराबरोबर तिच्या पोराला चार महिने पाजलं होतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"पंचांनी इचारलं तर?" मी म्हणालो.

"तुमाला कोण इचारतंय? तुमी मिसरवाले," ती म्हणाली. घागरीखालून हसली पण. "काढा लवकर. मान मोडायला लागली माझी, बिनतापाची."

मी कडी काढली. काढली — इथं लिहितो, उजव्या हातानं काढली. दिंडीतून डोक्यावर घागर घेऊन जाता येत नाही. म्हणून घागर मी धरली, ती वाकून बाहेर गेली आणि मग मी घागर तिच्या हातात दिली. आंबिलीचा एक ओघळ माझ्या कोटाच्या बाहीवर आला. दिवस कलल्यावर ती परत आली, मी पुन्हा कडी काढली. मनाला बरं वाटलं होतं, खोटं नाही सांगत. आपण चांगलं केलं असं वाटलं होतं.

शुक्रवारी पाटलाची सून गेली. शनिवारी आणखी दोघं. आणि कुणी तरी म्हणालं, गाव सुटलं. कुणी सोडलं?

एका फिरत्या मेंढक्यानं मंगळवारी माळावरून सुंदराला तांड्यात शिरताना बघितलं होतं. रविवारी दुपारी मारुतीपुढं गाव जमलं. पाटील पारावर, पंच त्याच्या बाजूला, मी पण पारावर — माझी जागा आता तिथं असायची. सुंदरा खाली उभी. नागू तिच्या मागं, मान खाली घालून, जणू गाडगं फुटलंय आणि त्याचे तुकडे शोधतोय.

पाटलानं विचारलं, "गेलतीस का?"

"गेलते."

"कुठून?"

ती गप्प. बघ, ती गप्प राहिली. माझं नाव तिच्या जिभेवर होतं, नुसतं सोडायचं होतं. तिनं सोडलं नाही. माझ्याकडं बघितलं पण नाही, मला अडचण नको म्हणून. मी माझ्या तोंडानं बोलेन एवढी वाट तिनं मला ठेवली.

पाटील माझ्याकडं वळला. "रंगनाथ, वेस तुझ्याकडं होती. बाई गेली कुठून?"

इथवर लिहून चार दिवस कागद ठेवून दिला होता. आज पुन्हा घेतलाय.

तीन शब्द होते. दिंडी मी उघडली. एवढेच. काय झालं असतं? जीव गेला असता का? गोळ्या सुटल्या असत्या का? फेटा गेला असता. होळीचा नारळ दुसऱ्याच्या हातात गेला असता. पारावरून उतरून खाली, तिच्या शेजारी उभं राहावं लागलं असतं. बस. त्या दिवशी बिगुल नव्हतं, घोडं नव्हतं. सावली होती, वारा होता आणि माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. विचार करायला भरपूर सवड होती. आणि मी विचार केला.

मी म्हणालो, "तटाच्या खिंडारातनं गेली असंल. माझ्या वेशीतनं तर मुंगी बी गेली न्हाई."

मुंगीचं कुणी सांगितलं होतं मला? साधं खोटं बोलून भागलं असतं. त्याला वर तुरा लावला. लोक खूश झाले. मागून कुणी तरी बोललं, "मिसरवाल्याच्या नजरंतनं सुटतंय व्हय काई?" दोघं-चौघं हसले. मेलेल्यांच्या घरातली माणसं समोर बसली होती, तरी हसले.

तेव्हा सुंदरानं माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं नाही — हाताकडं. ज्या हातानं घागर धरली होती त्या हाताकडं. आणि पाटलाला म्हणाली, "व्हय. खिंडारातनंच गेलते."

तू म्हणशील, खिंडार होतं का खरंच? होतं. कुंभाराच्या घरामागं लिंबाच्या मुळीनं तट उकलला होता. केवढं? वीतभर. आदल्या साली त्यात कुणाचं तरी करडू अडकलं होतं, तेल लावून काढलं, अख्खं गाव बघायला गेलं होतं. आणि त्याच गावानं मान हलवली की एक बाई, डोक्यावर घागर घेऊन, त्यातून गेली आणि परत आली. एकानं उठून चार पावलं जाऊन बघितलं नाही. शूर माणसाचं बोलणं मोजायची कुणाला गरज वाटते?

दुसऱ्या दिवशी खिंडार बुजवायचं ठरलं. देखरेखीला कोण? मीच. वडारानं दगड लावून बघितला, फिरवून बघितला, मग म्हणाला, "सरकार, दगूड शिरंना की यात." मी म्हणालो, "मग काटी कोंब." त्यानं बाभळीची काटी कोंबली. मग एकदा माझ्याकडं नीट बघितलं. त्याला कळलं असेल का? त्यानंतर तो आमच्या गावात कामाला आला नाही.

सुंदराच्या घराला वर्षभर वाळीत टाकलं. विस्तव नाही, विहिरीचं पाणी नाही, त्यांचं गाडगं कुणी घ्यायचं नाही. नागू गाढवावर माल लादून नेकनूरच्या बाजाराला जायचा, मिळेल त्याला द्यायचा आणि येताना ओढ्याचं पाणी आणायचा. वर्ष सरलं, गावानं परत घेतलं, पण नाव चिकटलं. खिंडारी. खिंडारीचं घर, खिंडारीचा ल्योक, खिंडारीचा तट. पुढं पुढं निम्म्या गावाला तिचं खरं नाव माहीत नव्हतं. पोराला सोयरीक मिळेना, शेवटी लांब घाटनांदूरकडची पोरगी केली, जिथं हे नाव पोचलं नव्हतं. मला गावानं एक नाव दिलं, तिला एक दिलं. दोन्ही नावांचा धनी मीच.

तांड्यात त्या साली दोन म्हाताऱ्या गेल्या. बाकीची माणसं उठली. जमनी उठली. तांड्यावर सुंदराला याडी म्हणायचे — त्यांच्या बोलीत आई. ओढ्याच्या ह्या काठाला खिंडारी, त्या काठाला याडी. मध्ये गुडघाभर पाणी.

ते वर्ष सरल्यावर एकदा ती मला विहिरीवर भेटली. जवळपास कुणी नव्हतं. मला वाटलं आता शिव्या देईल. वाट पण बघत होतो, दिल्या तर बरं. ती पोहरा ओढता ओढता म्हणाली, "भावजी, खोटं बोलायचं तर माणसानं मापून बोलावं. घागर जाती व्हय त्या खिंडारातनं?"

मी माझा पोहरा खाली सोडला.

"आमचं मालक रोज इचारत्यात, घागर गेली कशी म्हणून. म्या सांगितलं, आधी तटावरनं फेकली. तर म्हणत्यात, मग आंबील?" घागर कमरेवर घेतली. "आता आंबिलीचं तुमीच सांगा काय तरी. तुमी हुशार."

आणि गेली. पारापुढं तू 'व्हय' कावून म्हणालीस, असं मी तिला विचारलं नाही. तेव्हा नाही, पुढंही नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकाच विहिरीचं पाणी प्यालो आम्ही. समोरून आली की मी वाट बदलायचो. लोकांना वाटायचं, मिसरवाला गावाची रीत मोडणारीशी बोलत नाही. कडक माणूस.

निजामाचं राज्य गेलं. पाटील गेला, नागू गेला, पारावरचे सगळे गेले. त्या दिवसाचे आम्ही दोघंच उरलो. गेल्या चैत्रात सुंदरा गेली. तेराव्याला अख्खा तांडा आला होता, बायामाणसं सगळी. जमनीची नात मला म्हणाली, "आबा, तुमी ओळखत होता का आमच्या याडीला?" मी म्हणालो, गावातलीच होती. हेच बोललो मी. गावातलीच होती.

आता तटाचं. दोन वर्षांपूर्वी, तट पाडून रस्ता रुंद करा, असा अर्ज ग्रामपंचायतीत पहिल्यांदा मीच दिला होता. का दिला ते तुला कळलं असेल. तो गेला की वीत गेली. यंदा मंजुरी आली, कुदळी घेऊन माणसं आली, आणि मी घरातून चौरंग आणून खिंडारापुढं बसलो. सरपंच आला. "आबा, तुमीच तर म्हणला हुता पाडा."

"म्हणलो हुतो. आता न्हाई म्हणतो."

"आवो पण का?"

"मर्जी माझी."

मी हटवादी आहे, हे गावाला माहीत आहे. चार दिवस सकाळपासून तिथं बसलो. लोक म्हणाले, जुना शिपाई गावाचा तट सोडत नाही, केवढं काळीज. घे, ह्यातूनही कौतुकच निघालं.

पाचव्या दिवशी मी खिंडारातली काटी उपसली. जुनी काटी, हातात भुगा होत होती. कोपरापर्यंत ओरबाडलो. मग हात घातला आणि वीत लावली — अंगठा ह्या दगडाला, करंगळी त्या दगडाला. जिथं सगळ्यात रुंद तिथं एक वीत दोन बोटं. घरी गेलो, तांब्याची घागर आणली, उभी लावली, आडवी लावली. ठण्ण. नाही गेली. पुन्हा लावली. ठण्ण. कुदळवाली माणसं बघत होती, म्हातारा तटावर घागर आपटतोय. आणि मला हसू आलं. लई वर्षांनी असं पोटातून आलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. खांद्यातून काही तरी उतरल्यागत झालं. गोळी नव्हे, ती तर केव्हाच काढली होती डॉक्टरांनी.

त्या रात्री झोप लागली. उठलो तेव्हा उन्हं अंगणात आली होती. मग हे कागद पुढं घेतले.

मास्तर, झेंड्याच्या दिवशी हेच वाचा. मिसरची गोष्ट सगळ्यांची पाठ झाली आहे. मी खाली बसेन, खुर्चीवर नाही. कुणी काय म्हणायचं ते म्हणावं, मी उठून जाणार नाही. वाचून झालं की तट पाडा, माझी हरकत नाही. त्याआधी ज्याला बघायचं त्यानं बघून घ्यावं. घागर मी तिथंच ठेवली आहे.

सुंदरा खिंडारातून गेली नाही. दिंडी मी उघडली. घागर मी धरली. ती वेशीतून गेली, दिवसाउजेडी गेली, आणि वेशीतूनच परत आली.